यंत्राला लावलेलं वळण

माणसानं एक वेळ दुसऱ्याची छत्री हरवावी, भर पाहुण्यांत यजमानीणबाईंचं वय विचारावं, पण कुणाला काही शिकवायला जाऊ नये, असं दप्तरबुवांचं आता ठाम मत झालं आहे. हे मत ते कुणी न विचारता सांगतात. 'का हो, काय झालं?' असं विचारलं की मात्र चष्मा पुसायला लागतात.

दप्तरबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे उघडच आहे. पण शहराच्या बांधकाम कचेरीत, जुने कागद ठेवतात त्या तळमजल्यावरच्या खोलीत एकतीस वर्षं काढल्यावर माणसाचं खरं नाव पगाराच्या यादीपुरतंच उरतं. कचेरीत ते बुवा, सोसायटीत ते बुवा. बायको त्यांना 'अहो' म्हणते, पण त्या 'अहो'त सुद्धा एखाद्याला 'बुवा' ऐकू येईल.

तर झालं असं की बुवांचे वडील, आप्पा, त्यांच्याकडे राहायला आले. आप्पांचं वय ब्याऐंशी. तेही याच कचेरीचे निवृत्त हेडक्लार्क. गुडघ्यानं दगा दिला, एकट्यानं राहणं जमेना, म्हणून आले. घर दोन खोल्यांचं. बुवांनी आणि बायकोनं झोपायची खोली देऊ केली, तर आप्पा म्हणाले, "मी कुणाच्या खोलीवर कब्जा करायला आलेलो नाही." आणि बैठकीच्या खोलीत दिवाणावर बसले. आता बैठकीची खोली म्हणजे कोणाचीच नसते. दुपारी आप्पांचा डोळा लागला की इस्त्रीवाला बेल वाजवणार, कुणीतरी चहाला टपकणार, आणि टीव्ही लावायचा म्हटलं तर आप्पा भिंतीकडे तोंड करून निजणार. आप्पा तक्रार करत नसत. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "दोन महिन्यांनी ताई येते आहे. मी तिच्याकडे जातो."

ताई म्हणजे बुवांची थोरली बहीण. ती दूरच्या गावी चौथ्या मजल्यावर राहते आणि तिथं लिफ्ट नाही. आप्पांना एकदा उचलून वर नेलं की पुन्हा खाली आणायचं कारण काय असेल, हे सगळ्यांना कळलं. वडील आणि मुलगा जन्मभर एका कचेरीत काम करून घरी एकमेकांशी फारसे बोलले नव्हते. आता कुठे सकाळी पेपर वाटून घेता घेता चार शब्द व्हायला लागले होते. बुवांना आप्पा हवे होते. पण हे तोंडानं सांगायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

रीत बायकोनं मोडली. भांडी घासता घासता म्हणाली, "मागची गॅलरी बंद करून घेऊ या. दार असलेली खोली मिळाली की कुठे जात नाहीत ते. माणसाला एक दार लागतं हो, लावून घ्यायला."

इतकी साधी गोष्ट. शेजारच्या ब्लॉकमधले निवृत्त भूगोलसर ऐकत होतेच, कारण त्यांचं स्वयंपाकघर बुवांच्या स्वयंपाकघराला चिकटून आहे. ते खिडकीतूनच म्हणाले, "अहो, सुतार बोलवा आणि टाका करून! या बिल्डिंगीत अकरा गॅलऱ्या बंद झाल्या. कुणी परवानगी घेतली? मी घेतली?"

"सर, मी कचेरीतला माणूस."

"म्हणून तर म्हणतो. तुम्हाला कोण विचारतंय?"

विचारणारे दिवाणावर बसले होते. आप्पा तिथूनच म्हणाले, "परवानगीशिवाय एक खिळा ठोकलास तर मी उद्याच निघालो." विषय संपला. परवानगी काढायची ठरली. परवानगीला इमारतीच्या मूळ मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत लागते. आणि प्रती कुठून मिळतात? बुवांच्या खोलीतून! बुवा नुसते हसले. तो नकाशा कुठे आहे हे त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं: दारातून अकरा पावलं, सातवी रांग, खालून दुसरं गाठोडं, आणि गाठ त्यांनी स्वतः मारलेली.

फक्त एक बारीक अडचण होती. त्या खोलीला चार महिन्यांपूर्वी लाखेचं सील लागलं होतं, आणि ते लागण्यात बुवांचा मोठा वाटा होता.

याचं असं आहे. सील लागण्याच्या काही महिने आधी कचेरीत एक हुशार यंत्र आलं. एका अंगानं कागद गिळायचा, दुसऱ्या अंगानं पडद्यावर दाखवायचा, हाताचं अक्षर आपलं आपण वाचायचं आणि लोकांच्या अर्जांना उत्तरं द्यायची, असं त्याचं काम. यंत्राबरोबर एक इंजिनिअर बाई आल्या. बाई हसतमुख, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "काका, हे यंत्र स्वतः शिकतं. फक्त कागदावर महत्त्वाचं काय असतं, ते त्याला आधी कुणीतरी अनुभवी माणसानं दाखवायला हवं."

'अनुभवी माणूस' हे दोन शब्द एकतीस वर्षांत बुवांना कुणी लावले नव्हते. ते ताठ झाले.

काम सोपं होतं. पडद्यावर एकेक जुना कागद येणार, बुवांनी महत्त्वाच्या भागाभोवती बोटानं गोल काढायचा. तुम्ही-आम्ही असतो तर नकाशात नकाशाला गोल केला असता आणि अर्जात अर्जाला. पण बुवा तुम्ही-आम्ही नव्हते. अर्ज काय, कुणीही लिहितो. नकाशा कुणीही काढतो. पण डाव्या हाताच्या समासात, तिरक्या अक्षरात, साहेब जो शेरा मारतात, त्यासाठी अधिकार लागतो! फाईल पुढे सरकते ती शेऱ्यानं, अडते ती शेऱ्यानं. बुवांनी आयुष्यभर कुठलाही कागद हातात आला की आधी समास पाहिला होता. उरलेला कागद पाहायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. तेव्हा त्यांनी इमानेइतबारे प्रत्येक कागदावर शेऱ्यालाच गोल केला. 'चर्चा करावी.' गोल. 'पूर्वीचे कागद जोडून फेरसादर करावे.' गोल. 'संबंधित दौऱ्यावर. आल्यावर पाहू.' गोल. असे चाळीस हजार कागद. जुनी गाठोडी आधी घेतल्यामुळे निम्मे शेरे आप्पांच्याच अक्षरातले निघाले. ते बारीक, टोकदार अक्षर दिसलं की बुवांना भरून यायचं आणि ते तिथं एकाऐवजी दोन गोल काढायचे.

मग उद्घाटन झालं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर यंत्राला फर्मावलं, "या कचेरीच्या इमारतीचा नकाशा दाखव." यंत्र क्षणभर थांबलं आणि स्वच्छ आवाजात म्हणालं, "चर्चा करावी."

इंजिनिअर बाईंचा चेहरा उतरला. आणि मोठे साहेब टाळ्या पिटत उठले, "वा! किती मुरलेलं वाटतं! जणू वीस वर्षं आपल्यातच आहे!"

पुढे जे झालं त्याला यशच म्हणायला हवं. यंत्रानं आलेला प्रत्येक अर्ज काही ना काही त्रुटी काढून परत पाठवला. परत पाठवलेला अर्ज कचेरीच्या हिशेबी निकाली. एका महिन्यात प्रलंबित अर्जांची संख्या शून्यावर आली. कचेरीच्या इतिहासात शून्य हा आकडा कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. आता कागदांची गरजच नाही म्हणून खोलीला सील लागलं, किल्ली साहेबांच्या कपाटात गेली, आणि बुवांना 'यंत्राचे मार्गदर्शक' असं सन्मानपत्र मिळालं. ते त्यांनी दिवाणाच्या वरच्या भिंतीवर टांगलं. आप्पा ते रोज वाचत.

असा सगळा मामला होता. तरी बुवांना घोर लागला नाही. त्यांचा हिशेब असा, की यंत्र दुनियेला ओळखणार नाही, पण गुरूला ओळखेलच ना? त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला, यंत्राच्या तोंडात सारला, आणि हात मागे बांधून थांबले.

"मागील पत्रव्यवहाराचा संदर्भ नमूद नाही," यंत्र म्हणालं. अर्ज बाहेर.

बुवांनी दुसरा अर्ज केला: या विषयावर यापूर्वी पत्रव्यवहार झालेला नाही. यंत्र म्हणालं, "पत्रव्यवहार झाला नसल्याबाबतचा पत्रव्यवहार जोडावा."

रांगेतला एक प्लंबर म्हणाला, "काका, माझ्या नळजोडणीला हे म्हणालं की पाणी असल्याचा दाखला आण. कोणी शिकवलं असेल हो याला? सापडला पाहिजे एकदा." बुवांनी चष्मा पुसायला घेतला. ही सवय तेव्हापासूनची.

घरी त्यांनी विषय काढला नाही, तरी भूगोलसरांना कळलंच. सरांचं म्हणणं असं की अर्जाची भाषा चुकते आहे. "यंत्र आहे ते. थोडक्यात लिहा." बुवांनी एका ओळीत लिहिलं. यंत्र म्हणालं, "तपशील अपुरा." मग सर म्हणाले, सविस्तर लिहा. बुवांनी पाच पानं लिहिली. "तपशील अतिरिक्त." सर खचले नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना नद्यांची नावं पाठ करायला लावली होती, ते असे खचणाऱ्यांतले नव्हेत. "शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र जोडा," ते म्हणाले. "मीच देतो."

या पत्राला चार दिवस लागले, कारण सरांनी ते होकायंत्र घेऊन लिहिलं. त्यांच्या मते बुवांची गॅलरी पूर्वेला नसून पूर्व-ईशान्येला होती, आणि आयुष्याच्या या टप्प्यावर खोटं लिहायची त्यांची इच्छा नव्हती. यंत्रानं अर्ज वाचला, पत्र वाचलं, आणि म्हणालं, "दिशेबाबत एकवाक्यता नाही. दोन्ही पक्षांनी समक्ष हजर राहावे."

दोन्ही पक्ष समक्ष हजर राहिले. सरांनी कोट घातला होता. यंत्राच्या डोळ्यासमोर दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अर्धा तास गेला. सरांनी यंत्राला पृथ्वीचा कललेला आस समजावून सांगितला. शेवटी यंत्र म्हणालं, "संबंधित दौऱ्यावर."

"कोण दौऱ्यावर?" सर भडकले. "तू तर इथं स्क्रूनं बसवलेलं आहेस!"

बुवा धावत इंजिनिअर बाईंकडे गेले. बाईंनी संगणक उघडला, खालीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, ते कुठेही गेलेलं नाही. ते फक्त तसं म्हणतं."

"पण का म्हणतं?"

बाई वाईट वाटून म्हणाल्या, "तुम्ही गोल केला होता ना, काका. सोळाशे वेळा."

बुवांना वाटलं, जमीन दुभंगावी. "मग त्याला पुन्हा शिकवा की!"

"शिकवू या. पण पुन्हा चाळीस हजार कागद लागतील. आणि वरून लेखी मंजुरी. तिचा अर्ज मी केलाय, पण मंजुरीचे अर्जही आता यंत्राकडेच जातात."

मग बुवांनी आयुष्यातलं एक मोठं धाडस केलं. ते मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी त्याला भलतंच शिकवलं. एक दिवस सील काढा, मी नकाशा घेतो, परत लावा." साहेब तेव्हा एका पत्रावरून हात फिरवत होते. शून्य प्रलंबित अर्जांबद्दल कचेरीला पुरस्कार जाहीर झाला होता. "बुवा," साहेब म्हणाले, "तुमचा हा विनय मला फार आवडतो. मोठी माणसं नेहमी स्वतःला दोष देतात." आणि त्यांनी स्वतः उठून बुवांना दारापर्यंत पोचवलं.

इकडे ताई यायला आठ दिवस उरले होते. आप्पांनी ट्रंकेला नवीन कुलूप आणवलं होतं. बायको हल्ली बुवांशी गरजेपुरतंच बोलत होती. "अकरा पावलं," ती एकदाच म्हणाली. "तुम्हीच सांगत होता ना, अकरा पावलं?"

बुवांनी सतरावा अर्ज लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेले. आता आप्पांची एक खोड सांगायला हवी. लिहिलेला कागद दिसला आणि हातात निळी पेन्सिल असली की आप्पांना राहवत नाही. वाण्याच्या यादीवर त्यांनी 'साबण दोनदा आला आहे, खुलासा व्हावा' असं लिहिलेलं बायकोनं जपून ठेवलं आहे. त्या दिवशी ते शब्दकोडं सोडवत होते, पेन्सिल हातातच होती. बुवा आंघोळ करून आले, कागद उचलला, घडी घातली आणि कचेरीत जाऊन यंत्राच्या तोंडात सारला.

यंत्र थांबलं. आजवर कधी थांबलं नव्हतं तितकं थांबलं. मग अकरा सेकंदांत खालच्या फटीतून शिक्का मारलेली, सही असलेली, प्रमाणित प्रत सरसरत बाहेर आली.

रांगेत हलकल्लोळ उडाला. प्लंबर म्हणाला, "काका, काय लिहिलंत? एकदा दाखवा!" बुवांनी परत आलेला अर्ज उलगडला. समासात, तिरक्या, टोकदार अक्षरात निळा शेरा होता: 'भाषा ढिसाळ. अर्जदारास समज द्यावी. तथापि आशय स्पष्ट आहे. प्रत देण्यास हरकत नसावी.'

यंत्राला बाकी काही कळो न कळो, ते अक्षर ते ओळखत होतं. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी प्रत पाहिली, आणि पाणी जागच्या जागी आटलं.

समासातला चाळीस वर्षांपूर्वीचा शेरा लख्ख छापला होता. मधला कागद कोरा. नकाशा नाही. भिंत नाही, दार नाही, रेघ नाही. बाईंनी हळू आवाजात खुलासा केला: जागा वाचावी म्हणून यंत्र महत्त्वाचा भाग ठळक ठेवतं आणि बाकीचा फिकट करतं. "किती फिकट?" बुवांनी विचारलं. "दिसत नाही इतका," बाई म्हणाल्या. मूळ कागद सुखरूप होता म्हणा. सीलच्या आत, अकरा पावलांवर.

तरी बुडत्याला काडीचा आधार. बुवा ती प्रत घेऊन वरच्या मजल्यावरच्या परवानगी अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकाऱ्यांनी कागद उजेडाकडे धरला.

"यात गॅलरी कुठे आहे?"

"दिसत नाही, साहेब."

"प्रत प्रमाणित आहे?"

"आहे."

"म्हणजे खरी. आता प्रमाणित नकाशात जी गॅलरी नाहीच, ती बंद करायची परवानगी मी देऊ कशी?"

बुवा उठायला लागले, तसे अधिकारी म्हणाले, "बसा हो. परवानगी नाही, म्हणजे लागतच नाही. नसलेली गॅलरी तुम्ही बंद करा, उघडा, रंगवा. आमच्या खात्याचा संबंध काय?"

बुवा मुळात सरळ माणूस. म्हणाले, "पण साहेब, यात स्वयंपाकघरही नाही. जिनाही नाही."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"तिथंच."

"मोठ्यानं बोलू नका," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी 'सदर बाबीशी या शाखेचा संबंध येत नाही' असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं.

सुतारानं पाच दिवसांत काम उरकलं. काचेच्या खिडक्या, लाकडी दार, दाराला आतून कडी. बायकोनं मापं घेऊन पडदे शिवले, तेही आप्पांना आवडतात तसे बिनफुलांचे. भूगोलसरांनी पलंग कुठल्या दिशेला असावा ते खडूनं आखून दिलं. ताई येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बुवांनी आप्पांचा हात धरून त्यांना खोलीपाशी आणलं.

आप्पा उंबऱ्याशी थांबले. "कागद?"

बुवांनी कागद दिले. आप्पांनी चष्मा लावला. पहिलं पत्र वाचून त्यांच्या भिवया वर गेल्या. मग त्यांनी प्रमाणित प्रत उलगडली.

"हे माझंच अक्षर आहे," ते म्हणाले. "'जिना अरुंद. रुंदी वाढवून फेरसादर करावे.' बरोबर. मीच अडवला होता हा नकाशा, दुरुस्त झाल्यावर मंजूर झाला." त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "शेरा आहे आणि जिना नाही? अरे, जिना कुठे गेला?"

बुवांनी सगळं सांगितलं. गोल, चाळीस हजार कागद, सील, सगळं. सांगताना ते आठवीतल्या मुलासारखे उभे होते. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "ही खोली रेकॉर्डवर नाही. मी हिच्यात पाऊल ठेवणार नाही."

बायको पलंगावर मटकन बसली. आजवर सासऱ्यांसमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. "आप्पा, तुम्हाला जायचंच असेल तर तसं सांगा. खोलीला नावं ठेवू नका. तुम्ही गेलात तर आम्हाला चैन पडायची नाही, म्हणून केली ही खोली. नियम म्हणून नाही केली." आणि ती नव्या पडद्यात तोंड लपवून रडायला लागली. आप्पा काठी टेकत दिवाणापाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. बुवांना रडताही येईना. ते गॅलरीतल्या खिडक्या उघडत आणि लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. खाली टॅक्सी थांबवूनच वर आली. "आप्पा, आटपलं ना?"

आप्पा टेबलाशी बसले होते. समोर लिहिलेली चार पानं होती, मागे दोन जोडपत्रं. त्यांनी मान वर केली नाही. "मला यायला जमायचं नाही," ते म्हणाले. "प्रकरण चालू आहे."

"कसलं प्रकरण?"

"या घरात विनानोंद बांधकाम झालेलं आहे. जिना गहाळ आहे. स्वयंपाकघराचा पत्ता नाही. या दोघांना धड अर्ज लिहिता येत नाही, ते मी पाहिलंय. आधी मूळ नकाशा रेकॉर्डवर आणावा लागेल, मग गॅलरी नियमित करावी लागेल. अर्जदार मी आहे. समक्ष हजर राहा म्हणून केव्हा बोलावतील, सांगता येत नाही. तुझ्या चौथ्या मजल्यावरून मी काय येणार?"

"पण किती दिवस चालेल हे?"

"कचेरीचं काम आहे. तीन वर्षं धर. चारही लागतील." मग ते सुनेकडे वळले. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "अनधिकृत जागेत बांधणाऱ्यानं राहावं. तुम्ही दोघं झोपा तिकडे. मी आतल्या खोलीत झोपतो. ती खोली मंजूर होताना मी स्वतः पाहिली आहे." आणि ते आत गेले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ताईनं चहा घेतला आणि टॅक्सी सोडून दिली. दोन दिवस राहून ती एकटीच गेली.

आप्पांनी पहिला अर्ज मुद्दाम समास कोरा सोडून केला. बुवांनी निळ्या पेन्सिलीची करामत सांगितली होती, तेव्हा ते संतापले होते. अर्जदारानं समासात लिहायचं नसतं. अर्ज रीतसर परत आला. आप्पांनी त्याला उत्तर दिलं. तेही परत आलं. आता आतल्या खोलीत एक फाईल झाली आहे, तिला अनुक्रमणिका आहे. आप्पा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दार लावून बसतात. जेवायला येतात तेव्हा यंत्रानं काय त्रुटी काढली ते सांगतात, आणि कधी कधी मनापासून दाद देतात. बुवा आणि बायको काचेच्या गॅलरीत झोपतात. बायकोचं म्हणणं आहे की तिला गेल्या वीस वर्षांत इतकी चांगली झोप लागली नव्हती.

परवा दुपारी बुवा घरीच होते, तेव्हा इंजिनिअर बाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काका, मंजुरी मिळाली! यंत्राला वगळून थेट वरून सही आणली. सोमवारपासून यंत्राला नव्यानं शिकवायचं. या वेळी नकाशाला गोल. सगळे अर्ज धडाधड निघतील बघा. येताय ना?"

बुवांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं. आत आप्पा यंत्राच्या तिसऱ्या पत्राला लिहिलेलं उत्तर वाचून पाहत होते, मोठ्यानं, तब्येतीत. बुवांच्या डोळ्यांपुढे रांगेतला प्लंबरही येऊन गेला. नाही असं नाही. त्यांना त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं.

"बाई," बुवा म्हणाले, "एकदम घाई करू नका. जरा वयाचा विचार करा."

"यंत्राच्या? त्याला तर अजून वर्षही झालं नाही, काका."

"यंत्राच्या नाही हो," बुवा म्हणाले. "वडिलांच्या."